वॉल्टर टल

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर केंट परगण्यात फोकस्टन नावाचे एक बंदर आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे तेथील कड्यांवरून समुद्रापलीकडचा फ्रान्सचा किनारा दृष्टीस पडतो. या गावी २८ एप्रिल १८८८ रोजी एका सुताराच्या घरी वॉल्टर टल याचा जन्म झाला. त्याला अवघे एकोणतीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील सहा वर्षे त्याने व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानावर घालविली आणि सव्वातीन वर्षे सैन्यात. या थोड्याशा काळात त्याने जे करून दाखविले, ते त्याच्या वर्णाच्या माणसाला करता येणार नाही, अशी त्या काळच्या इंग्लंडमधील अनेकांची समजूत होती. ती समजूत त्याने वादविवाद करून खोडली नाही. आपल्या कामाने खोडली.

वॉल्टरचे वडील डॅनियल टल हे मूळचे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे. या बेटावर सर्वत्र उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचे वंशज गुलाम म्हणून राबत असत. डॅनियलचे आईवडील अशाच गुलामांपैकी होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने बंद झाली. परंतु कायदा झाल्याने दारिद्र्य थोडेच संपते! पूर्वीचे गुलाम त्याच मळ्यांत तुटपुंज्या मजुरीवर राबत राहिले. डॅनियलने सुतारकाम शिकून घेतले आणि नशीब काढण्यासाठी बेट सोडले. १८७६ साली तो फोकस्टनला आला. तेथे त्याला काम मिळाले, मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिरात मित्र मिळाले आणि ॲलिस पामर नावाच्या केंटमधील मुलीशी त्याचा विवाह झाला. संसार साधा होता, पण सुखाचा होता. घरात मुलांचा किलबिलाट होता. एडवर्ड आणि वॉल्टर या दोन भावांत सुमारे दोन वर्षांचे अंतर होते आणि ते एकमेकांना क्षणभरही सोडीत नसत.

परंतु हे सुख फार काळ टिकावयाचे नव्हते. १८९५ साली ॲलिस कर्करोगाने मरण पावली. त्या वेळी वॉल्टर जेमतेम सात वर्षांचा होता. मुलांकडे पाहण्यासाठी डॅनियलने ॲलिसच्याच नात्यातील क्लारा या तरुणीशी पुन्हा विवाह केला. तिला एक मुलगी झाली. आणि पाठोपाठ १८९७ च्या डिसेंबरमध्ये हृदयविकाराने डॅनियलचाही अंत झाला. तीन वर्षांच्या आत मुलांचे मातृछत्र गेले आणि पितृछत्रही गेले.

आता सारा भार एकट्या क्लारावर पडला. घरात मिळवते माणूस नव्हते. पदरात स्वतःची तान्ही मुलगी आणि सवतीची मुले! क्लारा दुष्ट सावत्र आई नव्हती. मुलांना ती आपलीच मानीत असे. परंतु माया कितीही असली तरी तिने चूल पेटत नाही. अखेर प्रार्थनामंदिरातील लोकांच्या सल्ल्याने तिने एक कठीण निर्णय घेतला. एडवर्ड व वॉल्टर या दोन मुलांना लंडनमधील बेथनल ग्रीन भागात मेथडिस्ट पंथीयांनी चालविलेल्या अनाथाश्रमात पाठवावयाचे तिने ठरविले. १८९८ च्या फेब्रुवारीत ते दोघे भाऊ फोकस्टनचा समुद्र मागे टाकून लंडनच्या धुरकट वस्तीत येऊन दाखल झाले. वॉल्टर तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता.

अनाथाश्रमातील जीवन शिस्तीचे होते. प्रार्थना, शाळा, झाडलोट आणि हातकाम असा दिवसाचा क्रम ठरलेला असे. मुलांनी पुढे स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून त्यांना निरनिराळे धंदे शिकवीत. आश्रमातील मुलांचे एक गायनपथकही होते. ते गावोगावी जाऊन भक्तिगीते गाई आणि आश्रमासाठी निधी गोळा करी. एडवर्डचा आवाज गोड होता. या पथकाबरोबर तो स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी गेला असता तेथील वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाला तो फार आवडला. त्यांनी त्याला दत्तक घेण्याची इच्छा दर्शविली, आणि १९०० साली एडवर्ड ग्लासगोला गेला. त्याच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट होती. पुढे त्याने दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि त्या व्यवसायात नाव मिळविले. पण बारा वर्षांच्या वॉल्टरचा मात्र अखेरचा आधार गेला. आईवडील गेले होतेच; आता थोरला भाऊही शेकडो मैल दूर गेला. दोघा भावांनी हे अंतर मनात येऊ दिले नाही. त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

वॉल्टर आश्रमातच राहिला. तेथे त्याने छापखान्याचे काम शिकण्यास प्रारंभ केला. खिळे जुळविणे, मजकूर तपासणे, यंत्रावर कागद चढविणे हे काम डोळ्यांना ताण देणारे आणि चिकाटीचे होते. दिवसभराच्या या श्रमानंतर उरलेला वेळ तो मैदानावर घालवी. आश्रमाचा स्वतःचा फुटबॉल संघ होता. या संघातून खेळताना वॉल्टरच्या अंगचे गुण हळूहळू प्रकट होऊ लागले. त्याच्या पायात फार मोठा वेग नव्हता. परंतु चेंडू त्याच्या पायाला जणू चिकटून राही. आपला कोणता सोबती कोठे आहे आणि पुढच्या क्षणी तो कोठे असेल, याचा अंदाज त्याला अचूक बांधता येई. शिवाय त्याची वृत्ती शांत होती. मैदानावर धक्काबुक्की झाली तरी तो चिडत नसे.

१९०८ साली लंडनमधील क्लॅप्टन या नामांकित हौशी संघाने त्याला आपल्याकडे घेतले. हौशी संघातील खेळाडूला वेतन मिळत नसे; दिवसभर आपापला उद्योग करून तो आवडीपोटी खेळत असे. त्या एकाच हंगामात, म्हणजे १९०८-०९ मध्ये, क्लॅप्टनने हौशी संघांसाठी असलेला राष्ट्रीय चषक जिंकला आणि लंडनमधील आणखी दोन चषकही मिळविले. पहिल्याच वर्षी एवढे यश पदरी पडलेल्या या तरुणाकडे वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले. आणि वृत्तपत्रांपाठोपाठ व्यावसायिक संघांचेही.

टॉटनहॅम हॉट्स्पर हा उत्तर लंडनमधील मोठा संघ. इंग्लंडमधील सर्वश्रेष्ठ संघ ज्या पहिल्या श्रेणीत खेळत, त्या श्रेणीत त्याने १९०९ साली नुकताच प्रवेश मिळविला होता. त्या उन्हाळ्यात हा संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला आणि त्याने वॉल्टरला बरोबर घेतले. अटलांटिक महासागर ओलांडून संघ अर्जेंटिना व उरुग्वे या देशांत गेला. तेथे फुटबॉलचा खेळ इंग्रज रेल्वे कर्मचाऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी नेला होता आणि स्थानिक लोकांत तो झपाट्याने लोकप्रिय होत होता. अनाथाश्रमाच्या छापखान्यात काळ्या शाईने हात बरबटून घेणारा मुलगा आता सातासमुद्रांपलीकडच्या मैदानावर खेळत होता. दौऱ्यानंतर टॉटनहॅमने त्याच्याशी रीतसर करार केला. करारावर सही करताना त्याला १० पौंड मिळाले आणि आठवड्याला ४ पौंड वेतन ठरले. त्या काळी कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला याहून अधिक वेतन देण्यास संघटनेच्या नियमांनी बंदी होती. म्हणजे वॉल्टरला मिळाले ते सर्वोच्च वेतनच होते. छापखान्यातील कामगाराला एवढी रक्कम स्वप्नातही दिसली नसती.

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. वॉल्टरच्या आधी आर्थर व्हार्टन या गोलरक्षकाने हा मार्ग चोखाळला होता. पण तो खेळ सोडूनही काही वर्षे लोटली होती. मैदानाच्या बाहेर असलेल्या मैदानावरच्या बावीस खेळाडूंत वॉल्टर एकटाच वेगळा दिसे. सप्टेंबर १९०९ मध्ये तो संडरलंडविरुद्ध पहिला सामना खेळला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आदल्या हंगामातील राष्ट्रीय चषकविजेता मँचेस्टर युनायटेड संघ टॉटनहॅमच्या मैदानावर आला. हजारो प्रेक्षकांसमोर झालेल्या या सामन्यात वॉल्टरने प्रतिपक्षाच्या बचावफळीत अशी मुसंडी मारली की, त्याला नियमबाह्य रीतीने अडविल्यावाचून त्यांना गत्यंतर राहिले नाही आणि टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली. लोकांना हा नवा खेळाडू आवडू लागला.

असे सारे सुरळीत चालले असता ऑक्टोबर महिन्यात टॉटनहॅमचा संघ ब्रिस्टल येथे सामना खेळण्यास गेला. तेथे प्रेक्षकांतील एका गटाने वॉल्टरला त्याच्या वर्णावरून शिवीगाळ करण्यास सुरुवात केली. चेंडू त्याच्या पायाशी आला की आरडाओरड होई आणि अत्यंत हीन शब्दांचा भडिमार होई. सामन्यास हजर असलेल्या एका वार्ताहराने या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. लंडनच्या मासळीबाजारातील शिव्यांनाही लाजविणारी ती भाषा होती, असे त्याने लिहिले. वॉल्टर मात्र शांतपणे खेळत राहिला, उलट शब्दही बोलला नाही आणि त्या दिवशी मैदानावरचा सर्वांत उत्तम आघाडीचा खेळाडू तोच ठरला, हेही त्याने नमूद केले.

वॉल्टरने आपला तोल ढळू दिला नाही. पण त्याची परीक्षा एवढ्यावरच संपली नाही. या प्रसंगानंतर लवकरच टॉटनहॅमच्या पहिल्या संघातून त्याला वगळण्यात आले आणि राखीव संघात पाठविण्यात आले. शिव्या दिल्या प्रेक्षकांनी आणि जागा गमावली ती ज्याने शिव्या सोसल्या त्याने! पुढील दोन वर्षांत पहिल्या संघात त्याला क्वचितच स्थान मिळाले. टॉटनहॅमकडून पहिल्या श्रेणीतील केवळ १० सामने तो खेळला आणि त्यांत त्याने २ गोल केले. एखाद्या तरुणाच्या मनात अशा वेळी कडवटपणा आला असता, किंवा त्याने खेळ सोडून छापखान्याची वाट धरली असती. वॉल्टर राखीव संघातून तितक्याच मनापासून खेळत राहिला. मोजक्या प्रेक्षकांसमोर, वृत्तपत्रांत नावही न येणाऱ्या सामन्यांत त्याने आपला खेळ घासूनपुसून लख्ख ठेवला.

ही चिकाटी एका जाणत्या माणसाच्या नजरेस पडली. त्याचे नाव हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या संघांना कीर्तिशिखरावर नेणारा आणि फुटबॉलच्या डावपेचांना नवे वळण देणारा हा व्यवस्थापक त्या वेळी नॉर्थम्प्टन टाऊन या संघाची धुरा वाहत होता. चॅपमन स्वतः पूर्वी टॉटनहॅमकडून खेळला होता. १९११ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने वॉल्टरला नॉर्थम्प्टनला आणले. नॉर्थम्प्टन हे पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले मध्य इंग्लंडमधील गाव. तेथील संघ पहिल्या श्रेणीत नसला, तरी दक्षिण विभागाच्या साखळी स्पर्धेत त्याचा चांगला दबदबा होता.

प्रारंभी वॉल्टर तेथेही आघाडीच्या फळीत खेळला. ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याने एकट्याने ४ गोल केले. परंतु त्याच्या अंगचे खरे गुण ओळखून त्याला मधल्या फळीत हाफबॅकच्या जागी खेळविण्यात येऊ लागले, आणि हा बदल फार यशस्वी ठरला. त्या काळी संघाची रचना अशी असे : गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीचे खेळाडू. यांतील हाफबॅकचे काम सर्वांत कष्टाचे. प्रतिपक्षाची चढाई सुरू झाली की त्याने मागे धावून ती रोखावयाची. आणि चेंडू हाती लागताच तोच पुढच्या सोबत्यांना अशा बेताने द्यावयाचा की त्यांना गोलाची संधी मिळावी. टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्याला. पण त्या गोलाची पायाभरणी मधल्या फळीत झालेली असते. ज्याला दम आहे, दृष्टी आहे आणि दुसऱ्याच्या यशात ज्याला आनंद वाटतो, त्यालाच ही जागा शोभते. वॉल्टरला ती उत्तम शोभली. नॉर्थम्प्टनकडून तो शंभराहून अधिक सामने खेळला. चॅपमन १९१२ साली ते गाव सोडून गेला, तरी वॉल्टरचे स्थान अढळ राहिले. ज्या देशात एका मैदानावर त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या, त्याच देशातील दुसऱ्या गावचे लोक आता त्याला आपला माणूस मानू लागले होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध भडकले. युद्ध चालू असता धडधाकट तरुणांनी चेंडूमागे धावावे, ही गोष्ट अनेकांना खटकू लागली. वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. तेव्हा १९१४ च्या डिसेंबरमध्ये मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये खेळाडूंची एक स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. तिचे अधिकृत नाव सतरावी पलटण असे होते. पण लोक तिला फुटबॉल पलटण म्हणूनच ओळखीत. व्यावसायिक खेळाडू, त्यांचे चाहते आणि मैदानाशी संबंध असलेले इतर लोक तीत भरती झाले. २१ डिसेंबर १९१४ रोजी वॉल्टरनेही तीत नाव नोंदविले. त्या काळी सैन्यात जाण्याची कोणावर सक्ती नव्हती. तो स्वेच्छेने गेला.

सैन्यातही त्याच्या अंगचे गुण लपून राहिले नाहीत. शिस्त तर त्याच्या बालपणापासून अंगवळणी पडली होती. सोबत्यांना धीर देण्याची आणि न ओरडता काम करवून घेण्याची हातोटी त्याच्याजवळ होती. पलटण फ्रान्सला जाण्यापूर्वीच त्याला बढती मिळू लागली आणि पुढे तो सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये पलटण फ्रान्समधील आघाडीवर दाखल झाली.

त्या युद्धातील खंदकांचे जीवन म्हणजे जिवंतपणी नरकवास होता. गुडघाभर चिखल, उंदरांचा सुळसुळाट, अंगावर उवा आणि डोक्यावर अहोरात्र तोफगोळ्यांचा वर्षाव. या भडिमाराने भल्या भल्या सैनिकांच्या मनावर आघात होई. बाहेरून जखम दिसत नसे. पण झोप उडे, हातपाय कापत, मन ताब्यात राहत नसे. १९१६ च्या मे महिन्यात वॉल्टरलाही या आघाताने ग्रासले आणि उपचारासाठी त्याला इंग्लंडला परत पाठविण्यात आले. त्यात कमीपणाचे काही नव्हते. त्याचे मनही शेवटी माणसाचेच मन होते. उपचारानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला. त्या वेळी सोम नदीच्या परिसरात ती भीषण लढाई चालू होती, जिच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांचे १९ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले होते. या लढाईच्या उत्तरार्धात वॉल्टर लढला. डिसेंबरमध्ये उवांमुळे पसरणाऱ्या खंदकज्वराने त्याला गाठले आणि तो पुन्हा मायदेशी आला.

या वेळी त्याच्या आयुष्याने अनपेक्षित वळण घेतले. त्याच्यातील नेतृत्वगुण पाहून वरिष्ठांनी त्याची अधिकाऱ्याच्या शिक्षणासाठी निवड केली. ही गोष्ट साधी नव्हती. ब्रिटिश लष्कराच्या तत्कालीन नियमांनुसार कृष्णवर्णीय माणसाला सैनिक म्हणून भरती होता येई. परंतु अधिकाराची सूत्रे त्याच्या हाती देण्यास त्या नियमांची आडकाठी होती. अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचा असला पाहिजे, असा दंडक होता. गोऱ्या सैनिकांनी कृष्णवर्णीय माणसाची आज्ञा पाळणे ही कल्पनाच नियम करणाऱ्यांना असह्य वाटत होती. तथापि वॉल्टरबरोबर ज्यांनी खंदकांत दिवस काढले होते, त्यांना त्याच्या कातडीच्या रंगापेक्षा त्याची योग्यता अधिक ठळकपणे दिसली. स्कॉटलंडमधील गेल्स येथे त्याने प्रशिक्षण घेतले. ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. नियम कागदावर तसाच राहिला आणि वॉल्टर टल तो ओलांडून पुढे गेला. ब्रिटिश सैन्यातील अगदी पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांत आज त्याची गणना होते. स्कॉटलंडमधील या वास्तव्यात ग्लासगोचा भाऊही त्याच्या जवळ आला होता. युद्ध संपल्यावर त्याच शहरातील रेंजर्स या विख्यात संघाकडून खेळावे, असे वॉल्टरच्या मनात होते.

अधिकारी म्हणून तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या तेविसाव्या पलटणीत रुजू झाला. हीही खेळाडूंसाठी उभारलेली दुसरी पलटण होती. १९१७ च्या अखेरीस इटलीच्या सैन्याला मोठा पराभव पत्करावा लागला, तेव्हा त्याच्या मदतीसाठी काही ब्रिटिश पलटणी तिकडे पाठविण्यात आल्या. त्यांत ही पलटण होती. ऐन हिवाळ्यात पिआवे नदीच्या एका काठावर ब्रिटिश सैन्य आणि दुसऱ्या काठावर शत्रू अशी स्थिती होती. मधून बर्फासारख्या थंड पाण्याचा वेगवान प्रवाह वाहत होता. १९१८ च्या नववर्षाच्या पहिल्या रात्री वॉल्टरने आपल्या २६ सैनिकांसह तो प्रवाह ओलांडला आणि शत्रूच्या मुलुखात शिरून कामगिरी पार पाडली. परत येताना शत्रूचा गोळीबार चालू होता. तरीही २६ च्या २६ माणसे त्याने सुखरूप परत आणली. त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची प्रशंसा सेनाविभागाचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी लेखी नमूद केली. ब्रिस्टलच्या मैदानावर शिव्यांच्या भडिमारात ज्याचे चित्त विचलित झाले नव्हते, त्याचे ते गोळ्यांच्या भडिमारातही झाले नाही.

१९१८ च्या मार्चमध्ये पलटण फ्रान्सला परतली. थोड्याच दिवसांत, २१ मार्च रोजी, जर्मनीने आपले सर्व बळ एकवटून प्रचंड चढाई सुरू केली. ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली. माघार घेणे हे चढाई करण्याहूनही अवघड असते. कारण सैनिकांचा धीर सुटू न देता त्यांना एकत्र ठेवावे लागते. २५ मार्च रोजी फाव्हरई गावाजवळ आपल्या सैनिकांना मागे नेत असता वॉल्टरला शत्रूची गोळी लागली आणि तो कोसळला. त्याच्या हाताखालील सैनिकांपैकी टॉम बिलिंगहॅम हा पूर्वी लेस्टरच्या संघाचा गोलरक्षक होता. चहूकडून गोळ्यांचा पाऊस पडत असताना तो आपल्या अधिकाऱ्याला उचलून आणण्यासाठी झटला. पण शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला होता. निरुपाय होऊन त्याला वॉल्टरचा देह तेथेच सोडावा लागला. तो देह पुढे कधीच सापडला नाही. गोऱ्या सैनिकांनी कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचा मान राखला नसता, असे ज्यांना वाटत होते, त्यांना या एका सैनिकाच्या धडपडीने उत्तर दिले.

ग्लासगोला एडवर्डच्या हाती तार पडली. आश्रमातून एकट्याने बाहेर पडताना ज्या भावाला त्याने मागे ठेवले होते, तो आता कायमचा दुरावला. वॉल्टर सैनिकांत आणि अधिकाऱ्यांत किती प्रिय होता, हे त्याच्या वरिष्ठांनी एडवर्डला पत्राने कळविले. वॉल्टरची कबर कोठेही नाही. फ्रान्समधील अरास येथे, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा सुमारे ३५ हजार सैनिकांची नावे कोरलेले स्मारक आहे. त्यावर त्याचे नाव आहे.

युद्ध संपले आणि लोक वॉल्टर टलला विसरले. शौर्यासाठी दिले जाणारे विशेष पदक त्याला मिळाले नाही. अनेक दशके त्याचे नाव जुन्या वृत्तपत्रांच्या आणि लष्करी कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात पडून राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी ते पुन्हा उजेडात आणले. १९९९ साली नॉर्थम्प्टन संघाच्या मैदानाशेजारी त्याचे स्मारक उभारण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या काळात त्याची प्रतिमा ब्रिटनच्या नाण्यावर आली आणि २०१८ साली, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, टपालाच्या तिकिटावरही आली. त्याला मरणोत्तर पदक द्यावे, अशी मागणी ब्रिटनमध्ये अनेकांनी केली.

स्मारके आणि तिकिटे यांनी त्याच्यावरील अन्याय पुसला गेला असे नाही. पण या उशिरा झालेल्या गौरवामुळे एक गोष्ट लोकांसमोर आली. वॉल्टर टलला जन्मतः काहीही अनुकूल नव्हते. आईवडील लहानपणीच गेले, भाऊ दुरावला, वर्णामुळे मैदानावर अपमान झाला आणि लष्कराच्या नियमाने त्याची वाट अडविली. यांपैकी एकाही प्रसंगी त्याने आपल्या दुःखाचे भांडवल केले नाही आणि दुसऱ्याचा द्वेषही केला नाही. समोर आलेले काम त्याने चोख केले, मग ते छापखान्यातील खिळे जुळविण्याचे असो, राखीव संघातील सामना असो की रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणे असो. मधल्या फळीतील खेळाडूप्रमाणे तो स्वतः पुढे न मिरवता इतरांना पुढे नेत राहिला. त्याच्यानंतर इंग्लंडच्या मैदानांवर आणि सैन्यात आलेल्या असंख्य कृष्णवर्णीय तरुणांसाठी जी वाट रुंद झाली, तिच्यावर सुरुवातीची काही पावले या सुताराच्या मुलाची आहेत.